ओट्यावरचं पोलाद

निवृत्त झाल्यावर घरातल्या कामांची वाटणी नव्याने झाली आणि स्वयंपाकघर पुसायचं काम माझ्याकडे आलं. बायको अजून शाळेत शिकवते. आईला आता हात वर करून काही पुसणं जमत नाही. कामाला येणाऱ्या मावशी भांडी आणि फरशी करतात. यंत्रांना हात लावायला त्या कचरतात, आणि बिघडलं तर बोलणी कोणी खायची, ही त्यांची शंका रास्तच आहे. ओटा आम्ही नुकताच नवा करून घेतला होता. त्यामुळे माझ्या वाट्याला आलं ते बहुतेक नवंकोरं आणि चकाकणारं होतं: दोन दारांचा फ्रिज, तीन बर्नरची शेगडी, तिच्यावर चिमणी, कोपऱ्यात मायक्रोवेव्ह. सिंक तेवढं जुनंच ठेवलं होतं. नोकरीत असताना या खोलीत चहा करण्यापलीकडे मी फारसं काही केलेलं नव्हतं. कोणतं फडकं कशाला, इथपासून माझी सुरुवात होती.

स्टील मात्र लहानपणापासून ओळखीचं. आमच्या वाड्यात पितळेची पातेली होती तोवर कल्हईवाल्याची वाट बघावी लागायची. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी राहिली की ती कळकायची. मग एकेक करून स्टीलची भांडी आली. काही बोहारणीला जुने कपडे देऊन घेतलेली, काही मुंजी-लग्नांत आलेली, काठावर नाव आणि तारीख कोरलेली. आईच्या मांडणीवर ती अजून आहेत, आणि लख्ख आहेत. म्हणून मी धरून चाललो होतो की स्टीलचं वेगळं काही करावं लागत नाही. आई म्हणाली, "अरे, त्या पातेल्याला रोज साबण लागतो, ते दोनदा विसळलं जातं, पालथं पडून कोरडं होतं. तुझ्या फ्रिजच्या दाराला यातलं काय होतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पहिल्यांदा मी ओलं फडकं पिळून शेगडी आणि चिमणीचा दर्शनी पत्रा पुसला. बोटांचे ठसे गेले नाहीत, नुसते पसरले. आधी पाच ठिपके होते, आता ढगाळ पट्टा झाला. ठसा म्हणजे आपल्या कातडीवरचं तेल आणि घाम. तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, एवढं तर भांडी घासणाऱ्या कोणालाही सांगता येईल. मला ते पत्र्यासमोर उभं राहून समजलं. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसलं. ठसे गेले, पण पत्र्यावर धुरकट पडदा राहिला. तो साबणाचाच होता. साबण लावायचा तर तो काढण्यासाठी दुसरं, नुसत्या पाण्याचं फडकं लागतं. म्हणजे आईच्या पातेल्याचं विसळणं.

आता काम झालं असं वाटलं, म्हणून पत्रा तसाच वाळू दिला. दुपारी त्यावर पांढऱ्या कडांचे गोल उमटले होते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, एरवीही महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. जमिनीतून आलेल्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवरच राहतात. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा खर जमतो, तोच हा. साबणाने तो हलला नाही. बायकोने सुचवलं, "अहो, व्हिनेगर लावून बघा." कापूस व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर थोडा वेळ धरला, तर डाग विरघळला, आंबटाने हे क्षार विरघळतात. त्यानंतर मात्र साध्या पाण्याने पुसावं लागतं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावं लागतं, नाहीतर तेच पाणी नवे गोल काढून ठेवतं. टिपणं हा कामाचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, हे असं हातून कळलं. मी तोवर तो ऐच्छिक समजत होतो.

फडक्यांचीही हळूहळू विभागणी झाली. जुन्या बनियनचं फडकं पुसायला छान, पण टिपताना त्याचे तंतू मागे राहतात. सुती पंचा पाणी चांगलं ओढतो. बारीक धाग्यांचं मायक्रोफायबर तेलाचा शेवटचा अंश उचलतं. मात्र ते धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घातलं, तर त्याचा मेणचट थर फडक्यावर बसतो आणि तोच पुढे पत्र्यावर उतरतो. आमच्याकडे हे फडकं बाकीच्या कपड्यांबरोबर धुतलं जात होतं, तेव्हा पत्र्यावर रेघा का येतात ते कळत नव्हतं.

रेघांवरून आठवलं. सकाळच्या तिरप्या उन्हात चिमणीचा पत्रा जवळून पाहिला, तर त्यावर आडव्या बारीक रेषा दिसल्या. मला वाटलं, पुसताना ओरखडे पडले. पण त्या सगळ्या एकाच दिशेने, सारख्या अंतराने होत्या. कारखान्यात पत्र्यावर खरखरीत पट्टा फिरवून त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यामुळे आरशासारखी चमक मोडून मऊ, मंद झळाळी येते. धंद्यातली माणसं तिला नंबर चारची फिनिश म्हणतात. पुसायचं ते या रेषांच्या दिशेनेच. मी गोल गोल पुसत होतो, म्हणून मळ रेषांच्या खोबणीत आडवा बसत होता. दिशा बदलली आणि पत्रा एका हातात स्वच्छ झाला.

याच उत्साहात फ्रिजकडे वळलो. बायकोने मला थांबवून आधी माहितीपुस्तिका काढायला लावली. ती कपाटात, पिशवीतून न काढलेली होती. तिच्यात लिहिलं होतं की दाराचा पत्रा स्टीलच्या रंगाचा, वरून लेप दिलेला आहे. फक्त मऊ फडकं आणि सौम्य साबण वापरावा. म्हणजे मी ज्याला स्टील समजत होतो ते स्टीलचं रूप होतं. बाजारातल्या कितीतरी फ्रिजांचं असंच असतं. खऱ्या स्टीलवर पडलेला बारीक ओरखडा कुशल माणूस रेषांच्या दिशेने घासून पुष्कळसा बेमालूम करू शकतो. लेपावर घासलं तर लेपच जातो. स्टीलसाठी घेतलेली पॉलिशची बाटली फ्रिजपासून लांब ठेवली.

खरी धास्ती बसली ती सिंकने. एका सकाळी त्याच्या तळाशी तांबूस ठिपके दिसले. स्टील गंजत नाही यावर माझी इतकी श्रद्धा होती, की मी आधी ते हळदीचे डाग धरले. नखाने खरवडले तर भुकटी निघाली, गंजाची.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. भोसरीतल्या एका कारखान्यात धातूंची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांना बोलावलं. ते भिंग घेऊनच आले. ठिपके पाहिले, मग सिंकच्या कडेला पडलेली तारेची घासणी उचलली आणि म्हणाले, "अहो, सिंक गंजलेलं नाही. या घासणीचे तुकडे गंजलेत." ती घासणी साध्या लोखंडी तारेची होती. घासताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण पत्र्यात रुतून बसतात, आणि रात्रभर ओले राहिले की ते गंजतात. खायच्या सोड्याची ओलसर लगदी मऊ फडक्याने रेषांच्या दिशेने फिरवली, तर बहुतेक ठिपके निघून गेले. खाली पत्रा शाबूत होता. त्या दिवसापासून तारेची घासणी फक्त बिडाच्या तव्यासाठी राहिली. हिरव्या खरखरीत घासणीतही घासायची भुकटी चिकटवलेली असते, म्हणून तीही पत्र्यापासून दूर. राहिला तो स्पंज.

पण काही ठिपके गेले नव्हते. भिंगातून ते ठिपके नव्हतेच, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते. "हे मात्र सिंकचेच," नाना म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. मी चहा टाकला. त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो.

पोलादात क्रोमियम निदान साडेदहा टक्के असलं, की हवेतला प्राणवायू आणि क्रोमियम मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर धरतात. काही नॅनोमीटर जाडीचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा पॅसिव्ह थर, मराठीत बहुधा निष्क्रिय थर, लोखंडापर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही. मी विचारलं, भांडं घासताना तो निघत नाही का? निघतो, आणि हवा लागली की पुन्हा धरतो. दुधावरची साय काढली तरी दूध पुन्हा तापवल्यावर दुसरी येते, तसं काहीसं. मात्र तिथे हवा पोचली पाहिजे. ओलं फडकं, मळ, चिकट तेल यांच्याखाली ती नीट पोचत नाही. म्हणून रात्रभर सिंकच्या काठावर ओलं पोतेरं टाकून ठेवणं वाईट.

हे ऐकून मला या धातूचा इतिहास वाचावासा वाटला. शेफील्ड हे इंग्लंडमधलं चाकूसुऱ्यांचं जुनं गाव. तिथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधत होता. १९१३च्या ऑगस्टमध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाच्या तुकड्यावर आधी ॲसिडची क्रिया करावी लागते. या तुकड्यावर ती नीट होईना. त्याच्या लक्षात आलं की हे पोलाद बंदुकीपेक्षा जेवणाच्या टेबलावर जास्त उपयोगी पडेल. त्याच सुमाराला, एक वर्ष आधीच, जर्मनीत एसेन इथे क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल मिसळलेल्या पोलादाचं पेटंट घेतलं गेलं होतं. आजची आपली चांगली भांडी या दुसऱ्या घराण्यातली. म्हणजे आईच्या मांडणीतल्या डब्यांचं कूळ बंदुका आणि तोफा करणाऱ्या कारखान्यांत निघतं. हे तिला सांगितल्यावर तिने हातातला डबा जरा वेळ निरखून पाहिला.

मग आमच्या सिंकला खड्डे कशाने पडले? मिठाने. मिठातला क्लोराइड हा या थराचा मोठा वैरी. तो एका बिंदूवर थर फोडतो. तिथे बारीक खड्डा होतो. खड्ड्याच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे तिथला थर पुन्हा धरत नाही आणि खड्डा रुंद होण्याऐवजी खोल जात राहतो. वरून ठिपका छोटाच दिसतो. आमच्या ओट्यावर मीठ किती ठिकाणी असतं हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळसपणे पाहिलं. सिंकशेजारी ठेवलेली मिठाची ओलसर पिशवी. कैरीचं लोणचं कालवून तशीच ठेवलेली परात. पास्ता उकळायला मुलगी थंड पाण्यातच मीठ टाकते. ते तळाशी बसतं आणि तिथेच डाग पाडतं. पाण्याला उकळी आल्यावर टाकलं तर लगेच विरघळून जातं. आईने मीठ आणि लोणचं कधीच स्टीलच्या डब्यात भरलं नाही, चिनी मातीच्या बरणीतच भरलं. कारण विचारलं तर म्हणाली, "डबे फुटतात रे मिठाने." क्लोराइड हा शब्द तिला लागला नव्हता.

याच कारणाने एक लोकप्रिय उपाय मी बाद केला. अर्धं लिंबू मिठात बुडवून घासलं की तांब्याचा हंडा झळकतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तांब्या-पितळेला ते मानवतं. स्टीलवर मात्र आंबट आणि मीठ एकत्र बसतात आणि थर उतरवतात. नुसतं लिंबू चालतं, मागाहून धुतलं तर. मी एक जुनं झाकण प्रयोगासाठी बाजूला काढलं आणि त्याच्या एका अर्ध्यावर लिंबू-मीठ लावून रात्रभर ठेवलं. सकाळी तो भाग निस्तेज दिसत होता आणि मिठाचे खडे होते तिथे गडद टिकल्या उमटल्या होत्या. दुसरा अर्धा जसाच्या तसा. ते झाकण मी मुलीला दाखवलं. शब्दांनी जे पटत नव्हतं ते तिला झाकणाने पटलं.

नाना जाता जाता सिंकखालचं कपाट उघडायला सांगून गेले. आत फरशी घासायच्या ॲसिडची बाटली होती आणि तिच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच. कपाटाच्या स्टीलच्या बिजागऱ्यांवर तांबूस पूड धरली होती. बाटली बंद दिसली तरी त्या ॲसिडच्या वाफा झिरपत राहतात. त्यात क्लोराइडच असतं. ब्लीचनेही स्टीलला खड्डे पडतात. शिवाय ही दोन एकमेकांत मिसळली तर क्लोरीन वायू निघतो, तो माणसाच्या फुफ्फुसालाच घातक. इतकी वर्षं ही जोडी माझ्या घरात शेजारी शेजारी उभी होती, आणि मी रोज त्याच कपाटातून कचऱ्याची पिशवी काढत होतो. त्याच संध्याकाळी दोन्ही बाटल्या तिथून हलवल्या आणि वेगवेगळ्या जागी ठेवल्या. मावशींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, मला वास यायचा, पण तुमच्या घरातलं मी कसं बोलणार?" त्यांना मी आता विचारूनच काम करतो.

चिमणीचं काम मी पुढे ढकलत होतो, कारण ती उघडायची कशी तेच ठाऊक नव्हतं. बसवायला आलेल्या मुलाने एकदा करून दाखवलं होतं, फार भरभर. आधी विजेचं बटण बंद करायचं, मग खालच्या चौकटीच्या कड्या मागे ओढायच्या, की जड पन्हाळ्यांची स्टीलची चौकट हातात येते. तिला बॅफल फिल्टर म्हणतात. फोडणीचा धूर या वाकड्या पन्हाळ्यांतून जाताना वळतो, हवा वळून निघून जाते, पण तेलाचे थेंब जड असल्याने वळू शकत नाहीत आणि पत्र्यावर आपटून चिकटतात. बाहेर काढल्यावर त्यावर पिवळट, डिंकट थर होता. बाटलीतलं तेल पातळ असतं, मग हे असं का? सूर्यफूल, करडई यांसारखी तेलं उष्णता आणि हवा लागून हळूहळू आळतात. त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि शेवटी रोगणासारखं घट्ट कवच होतं. जितके दिवस राहील तितकं ते कडक. दर पंधरवड्याला धुतलं तर गरम पाणी आणि साबण पुरतो. दोन-तीन महिने राहिलं की सोडा लागतो.

सोडा म्हणजे धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. बाथरूममधल्या मोठ्या टबात कडकडीत पाणी, त्यात मूठभर सोडा, आणि हातात रबरी मोजे, कारण हे पाणी कातडी सोलवटतं. चौकट बुडवून ठेवली की अल्कली तेलाचा साबण करून टाकते. पाणी गढूळ तपकिरी होतं आणि कवच सुटून येतं. मला हे पाहत बसावंसं वाटलं, इतकं ते समाधानाचं होतं. बहिणीला फोनवर सांगितलं तर तिनेही करायचं ठरवलं, पण नानांनी वेळेवर विचारलं, "त्यांची जाळी कशाची आहे?" तिच्या चिमणीला ॲल्युमिनियमची बारीक जाळी आहे. सोड्यात ॲल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं. तिथे फक्त भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. एकाच दुकानात, शेजारी शेजारी लटकणारी ही दोन यंत्रं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

शेगडीवरच्या भांड्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. स्टीलच्या पातेल्यात दूध तळाशी का लागतं? स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं, तांब्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाने. ज्योत जिथे लागते तिथे तळ तापतो आणि ती उष्णता बाजूला पसरत नाही. म्हणून चांगल्या भांड्यांच्या तळात ॲल्युमिनियमचा थर मध्ये दाबून घेतलेला असतो. आई दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने ओलं करते आणि आच मंद ठेवते. तरीही लागलंच, तर खरवडायचं नाही. पाण्यात खायचा सोडा घालून मंद आचेवर उकळायचं आणि निवल्यावर लाकडी उलथन्याने ढकलायचं. कोरडं भांडं जास्त तापून त्यावर निळसर-सोनेरी छटा आली, तर घाबरायचं कारण नाही. उष्णतेने तो निष्क्रिय थर जाड झालेला असतो आणि प्रकाश त्यात खेळून रंग दिसतात. व्हिनेगरने ते उतरतात.

उन्हाळ्यात आत्याकडे अलिबागला गेलो. तिच्या गॅलरीचा स्टीलचा कठडा तपकिरी डागांनी भरलेला होता. आमच्या पुण्यात असा कठडा वर्षानुवर्षं लख्ख राहतो. समुद्रावरची हवा मीठ आणते, ते पत्र्यावर बसतं, दमट हवेत ओलं होतं, आणि पावसाचं पाणी जिथे पोचत नाही अशा आडोशाच्या जागी जास्तच साठतं. कठड्याच्या वरच्या बाजूपेक्षा खालची बाजू वाईट होती, ते यामुळे. आत्याचा फ्रिज मात्र चांगला होता. ती रोज रात्री झाकपाक झाली की गोड्या पाण्याने पुसून टिपते. का, ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, तिच्या सासूबाई कपाटांच्या कड्या तशा पुसत. समुद्राकाठी बांधकाम करणारे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम मिसळलेलं ३१६ क्रमांकाचं स्टील वापरतात, ते क्लोराइडला अधिक टिकतं. महाग पडतं, म्हणून घरच्या कठड्याला सहसा कोणी लावत नाही.

परत आल्यावर सिंक बदलायचं ठरलं, कारण खड्डे भरून येत नाहीत आणि त्यातला एक आता खालून ओलावत होता. या खरेदीला मी खिशात लोहचुंबक घेऊन निघालो. चुंबक चिकटलं तर वाईट, नाही चिकटलं तर अस्सल, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. नानांनी दारातच थांबवलं. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्याला चुंबक चिकटत नाही, हे खरं. पण निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेलं जे दोनशेच्या मालिकेतलं स्टील भारतात भांड्यांना सर्रास वापरतात, त्यालाही चिकटत नाही. आणि ते मिठापुढे लवकर हरतं. उलट ४३० क्रमांकाच्या स्टीलमध्ये निकेल जवळपास नसतं, क्रोमियम मात्र १६ ते १८ टक्के असतं. त्याला चुंबक घट्ट चिकटतं, तरी ते खोटं नव्हे; इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचे तळ तसल्याच स्टीलचे लागतात. शिवाय ३०४चा पत्रा दाबून सिंक केलं की कोपऱ्यांत तो थोडा चुंबकाला ओढतो. म्हणजे ज्या परीक्षेवर घरोघर भांडी पारखली जातात, ती नेमका महत्त्वाचा फरक दाखवतच नाही. भंगारवाले आणि भाईंदरसारख्या ठिकाणचे भांड्यांचे कारखानदार एक द्रव आणि छोटी बॅटरी लावून रंग पाहतात, तेव्हा त्यांना कळतं. मी चुंबक घरी ठेवलं.

दुकानात तीन गोष्टी विचारल्या. पत्र्याचा क्रमांक कोणता, जाडी किती, आणि खालून आवाज दाबायचा लेप आहे का. जाडी दुकानदार गेजमध्ये सांगतात आणि तो आकडा उलटा चालतो: १८ गेजचा पत्रा २२ गेजपेक्षा जाड. मी मिलिमीटरमध्ये मागितली. दुकानदाराला ते आवडलं, त्याने आतून मोजपट्टी आणून कडेला लावून दाखवली, एक मिलिमीटर. क्रमांक त्याने तोंडी सांगितला. मी तो बिलावर लिहून मागितला, आणि त्याने लिहून दिला.

सिंक बसवताना ओट्याच्या कडेला पांढरं सिमेंट भरलं गेलं. काम संपल्यावर हाताखालच्या पोराने डाग काढायला ॲसिडची बाटली काढली. जुन्या सिंकवरही ओट्याचं काम झाल्यावर तेच ओतलं होतं, मी तेव्हा जवळच उभा होतो. या वेळी त्याला ओलं फडकं आणि लाकडी पट्टी दिली. सिमेंट अजून ओलंच होतं, त्यामुळे ते सहज निघालं. सिंकवरचा निळा प्लास्टिकचा पापुद्रा मी मुद्दाम शेवटपर्यंत राहू दिला होता. तो फार दिवस ठेवूनही चालत नाही, उन्हाने आणि उष्णतेने खालचा गोंद पत्र्याला धरतो. तो सोलून काढला, साबणाच्या पाण्याने सिंक धुतलं, विसळलं आणि पंचाने टिपलं. मावशी दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी आधी विचारलं, मिठाची बरणी आता कुठे ठेवायची. सिंकपासून लांब, खिडकीच्या कोनाड्यात, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.